पाच आणि सहा नंबर

प्रणिताने गाडी फाटकासमोर आणून उभी केली, इंजिन बंद केलं, तरी ती लगेच उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. सरोजिनी नगरच्या गॅरेजपासून इंदिरा नगरपर्यंत, मधल्या सगळ्या जॅममधून, तिने गाडी एकटीने चालवत आणली होती. अमोघ स्कूटरवरून मागे मागे आला होता.

सुनेत्राबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात आल्या. दारात नवी गाडी आली की करायचं ते करावं, म्हणून. पण ही गाडी नवी नव्हती. त्यांच्या थोरल्या मुलाने, हर्षवर्धनने, जुनी ट्रॅव्हलर व्हॅन आणून, दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये खपून, तिची झोपायची, चहा करायची, राहायची गाडी केली होती. पूजा व्हायच्या आधी तोच गेला. चौदा महिने ती ताडपत्रीखाली उभी होती. आता तिची पूजा करायची की नाही, हे सुनेत्राबाईंना ठरवता येईना. त्यांनी ताट चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आई, पोचलो एकदाचे," अमोघ हेल्मेट काढत म्हणाला. "वहिनीने आलमबागला एका ई-रिक्शावाल्याला असं झापलं ना, बिचारा सॉरी मैडम, सॉरी मैडम करत राहिला."

"उलटा येत होता तो," प्रणिता खाली उतरत म्हणाली. "वर मलाच शिकवत होता."

आतून स्वरदा धावत आली. सहा वर्षांची, इथे उत्तरेतच वाढलेली, म्हणून हिंदीत बोलणारी. तिच्यामागे अडीच वर्षांचा निनाद, एका पायात चप्पल घालून.

"आजोबा! बाहर आओ ना! बाबा की गाड़ी आ गई!"

लक्ष्मीकांत आधीच बाहेर आलेले होते. अंगात जुना खाकी शर्ट, एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात खडू, हातात लांब दांड्याची हातोडी. ती हातोडी बघून अमोघला हसू आलं आणि लगेच गेलं.

रेल्वेत जो डबा चालवण्यालायक नसेल त्याच्यावर खडूने 'सिक' लिहितात. मग तो गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेतात, आणि दुरुस्त झाल्यावर 'फिट' म्हणून परत जोडतात. लक्ष्मीकांतांनी सदतीस वर्षं हेच काम केलं होतं. घरातही त्यांचा तोच कायदा होता. कुकरची शिट्टी गळत असली की कुकरवर खडूने 'सिक'. इस्त्रीच्या वायरला चीर गेली की इस्त्री 'सिक'. हर्षवर्धन दहा वर्षांचा असताना त्याच्या सायकलचा ब्रेक-रबर झिजला होता, म्हणून सीटवर 'सिक' लिहिलं आणि ड्यूटीच्या गडबडीत विसरून गेले. पोराने अकरा दिवस सायकलला हात लावला नाही. शाळेत पायी गेला. बाराव्या दिवशी आईने आठवण करून दिली.

म्हणून आजचा निर्णय त्यांच्यावर सोपवला होता. बुधवारी जेवताना प्रणिताने सांगितलं होतं, की स्वरदाची परीक्षा झाली की मुलांना घेऊन, हीच गाडी चालवत, ती माहेरी धुळ्याला जाणार. सुनेत्राबाई नको म्हणाल्या होत्या. अमोघ हो म्हणाला होता. लक्ष्मीकांत म्हणाले होते, "आधी गाडी बघू. लहान मुलं न्यायची तर बघावं लागेल."

त्यांनी चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकला. रबरी चाकाचा आवाज काही सांगत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण हाताला सवय होती. गुडघे दुखत असूनही ते खाली वाकून टॉर्चने बघत राहिले. ब्रेकचे पाइप चांगले. जोड चांगले. नटांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा होत्या. आवळलेला नट ढिला झाला तर खूण सरकते आणि लगेच कळतं. ही खूण करायला हर्षवर्धन कुणाकडून शिकला, हे सांगायची गरज नव्हती.

मग ते आत चढले.

आत बंद लाकडाचा वास होता. मागच्या बाजूला मोठा पलंग, त्याच्या कडेला स्टेन्सिलने १ आणि २. त्याच्यावर आडवी माळ्यासारखी झोपायची जागा, तिच्यावर ३ आणि ४. ती मुलांची. डाव्या भिंतीला लागून लांब बाक. दिवसा बसायचा आणि उलगडला की दोघांना झोपता येईल असा. त्याच्यावर ५ आणि ६, आणि त्याखाली बारीक अक्षरात, रेल्वेच्या पाटीसारखं: लोअर बर्थ, ज्येष्ठ नागरिक.

लक्ष्मीकांत बाकावर बसले. बाकाची उंची बरोबर त्यांच्या गुडघ्याएवढी होती. बसताना दुखलं नाही. मापाची टेप घेऊन हर्षवर्धन एकदा त्यांच्या खुर्चीशी काय करत होता, ते त्यांना आत्ता कळलं.

त्यांना जिन्यातला हर्षवर्धन दिसला. ती शेवटची दिवाळी. वर आकाशकंदील लावायला निघालेला, आणि अर्ध्यावर बसलेला, हात छातीवर. तेव्हा जिन्याखाली फक्त लक्ष्मीकांत होते. "काय रे?" "काही नाही बाबा, गॅस. एकदम फिट आहे." तो हसला होता. आणि त्यांनी, ज्यांनी आयुष्यभर कुणाच्या तोंडी शब्दावर एक डबा सोडला नाही, त्यांनी तो शब्द मानला. महिन्याभराने त्याच्या पोस्टिंगच्या गावाहून तो गेल्याचा फोन आला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनेत्रालाही नाही.

ते उठले आणि उरलेलं बघू लागले. मुलांच्या झोपायच्या जागेला कठडा चार बोटांचा. निनाद झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. शेगडी पलंगाला फार जवळ आणि हवा जायला जागा नाही. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी. चालत्या गाडीत मुलं बसणार कुठे? पुढे दोनच सीट. म्हणजे या बाकावर. बाक आडवा, त्याला पट्टा नाही. ब्रेक दाबला तर पोर सरळ पुढे जाऊन आपटेल. हर्षवर्धनने मुलं मोठ्यांच्या कुशीत बसतील असं धरलं होतं. आजी-आजोबांच्या.

खाली उतरताना त्यांनी खिशातला खडू चाचपला.

*

प्रणिता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. या घरात आठ वर्षं काढल्यावर तिला सासऱ्यांचा चेहरा वाचता येत होता, आणि आता तिथे काय आहे ते तिला आवडलं नाही.

बाहेर उन्हात खुर्च्या मांडल्या होत्या. सुनेत्राबाईंनी मटार घातलेले पोहे आणले. निनाद त्यातले मटार वेचून खुर्चीच्या हातावर ओळीने मांडत होता.

"मी परत सांगते," सुनेत्राबाई बशी पुढे करत म्हणाल्या, "एवढ्या लहान पोरांना घेऊन चार दिवस रस्त्यावर? याला रात्री दोनदा उठवावं लागतं. ताप आला तर? मध्येच बंद पडली तर? एका बाईने कुठे उभं राहायचं?"

"आई, लोक परदेशात दोन महिन्यांची बाळं घेऊन जातात," अमोघ म्हणाला. "मी झाशीपर्यंत सोबत जाईन ना. पुढे वहिनीचा भाऊ भोपाळला येईल. उलट ट्रेनपेक्षा बरं. निनादला पाहिजे तेव्हा थांबवा, दूध गरम करा, झोपवा. और क्या चाहिए यार?"

"रेल्वेवाल्याचं घर आणि ट्रेनपेक्षा बरं म्हणे! ऐकताय का हो?"

"ऐकतोय," लक्ष्मीकांत म्हणाले. "प्रणिता, खरंच, ट्रेन का नको? रात्री बसलीस की दुसऱ्या दिवशी पोचशील."

"म्हणूनच नको, बाबा," प्रणिता म्हणाली. "मला एका रात्रीत पोचायचं नाही."

 तिला ते याहून नीट सांगता आलं नसतं. त्याने केलेल्या पलंगावर चार रात्री झोपायचं, त्याने लावलेल्या खिडकीतून मुलांना बाहेर बघू द्यायचं, आणि मग पोचायचं. पोचल्यावर काय, तेही आज सांगायचंच होतं. पोहे झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं होतं. सकाळपासून ती हेच करत होती. गॅरेजला पोचल्यावर सांगू, घरी आल्यावर सांगू, पोहे झाल्यावर सांगू.

स्वरदा आजोबांच्या खुर्चीला रेलून उभी होती. "आजोबा, मम्मी ने ना, टीसी के लिए बोल दिया है."

लक्ष्मीकांत हसले. बऱ्याच दिवसांनी, मोकळे. "टीसी? अगं, ही काय ट्रेन आहे? या गाडीत टीसी कुठून यायचा? आणि आला तर तुझं तिकीट दाखव म्हणेल. आहे का तिकीट?"

अमोघही हसला. "निनादचं तर हाफ तिकीटसुद्धा नाही. उतार देंगे भैया, अगले स्टेशन पे."

"अरे वो वाला नहीं!" स्वरदा चिडली. "स्कूल वाला टीसी! मैम ने बोला एग्ज़ाम के बाद मिलेगा. फिर मैं धुले वाले स्कूल में जाऊँगी."

लक्ष्मीकांतांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढून घ्यायला त्यांना वेळ लागला.

प्रणिताने बशी खाली ठेवली. "मी आज सांगणारच होते."

*

अमोघला आधी राग आला तो स्वतःचा. चार दिवस तो तिच्या बाजूने भांडत होता. बॅटरी त्याने बदलली, टायरात हवा त्याने भरली. कशासाठी, तर दादाच्या मुलांना या घरातून न्यायला.

"वहिनी, तू मला सुट्टी म्हणालीस. तीन महिने, म्हणालीस."

"हो."

"मी वेडा आहे का? मी आईशी भांडतोय तुझ्यासाठी, और तुमने टीसी निकलवा ली?"

"अजून मिळालेली नाही. अर्ज केलाय. मला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली, जूनपासून. तुम्हाला सांगायचं म्हटलं की तोंडच उघडत नव्हतं. आणि आधी सांगितलं असतं तर तू बॅटरी बदलली असतीस?"

अमोघला उत्तर माहीत होतं. बदलली नसती.

"इथे काय कमी आहे?" त्याने विचारलं. आवाज चढला होता. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. "आई आहे, बाबा आहेत, मी आहे. निनादला दादाचा चेहरापण आठवत नाही. इथे निदान रोज कुणीतरी त्याचं नाव घेतं."

"रोज घेतं," प्रणिता म्हणाली. "सकाळी चहाला घेतं. जेवताना घेतं. मी कपाट उघडलं की कुणीतरी दारात येऊन उभं राहतं आणि नाव घेतं. अमोघ, मी चौतीस वर्षांची आहे. या घरात मी फक्त त्याची मागे राहिलेली आहे. धुळ्याला मला कुणीतरी मॅडम म्हणेल, आणि बास. तेवढंच पाहिजे मला."

"बाबा," अमोघ वडिलांकडे वळला, "लिहा तुम्ही सिक. संपला विषय."

सगळ्यांनी लक्ष्मीकांतांच्या हाताकडे बघितलं. खडू बाहेर आलेला होता.

ते उठले, गाडीच्या सरकत्या दारापाशी गेले, आणि मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं: सिक.

स्वरदाने ते वाचलं. तिला मराठी बोलायचा कंटाळा होता, पण हे दोन अक्षरी वाचन घरातल्या प्रत्येक वस्तूवरून तिला पाठ होतं. ती आईकडे गेली आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून उभी राहिली.

"ठीक आहे," प्रणिता म्हणाली. ती रडली नाही. "मला कळलं, बाबा."

*

सुनेत्राबाईंना खरं तर आता बरं वाटायला हवं होतं. त्यांना हवं होतं तेच झालं. गाडी जाणार नाही, पोरं राहतील.

पण ते 'ठीक आहे' त्यांच्या ओळखीचं होतं. एकोणिसाव्या वर्षी वर्ध्याहून लग्न होऊन त्या इथे आल्या. भाजीवालीशी बोलायला हिंदी नव्हती. आई आजारी असल्याची तार आली तेव्हा नवऱ्याला रजा नव्हती, आणि सासूबाई म्हणाल्या, तान्हं पोर घेऊन एवढा प्रवास नको. ते तान्हं पोर म्हणजे हर्षवर्धन. पोरासाठी नको, असं म्हटलं की बाईला पुढे बोलता येत नाही. त्याही तेव्हा म्हणाल्या होत्या, ठीक आहे. आई गेल्याची दुसरी तार चार दिवसांनी आली. पोर घेऊन जाता आलं असतं. ते काही इतकं तान्हं नव्हतं.

त्यांनी निनादच्या हाताला लागलेले पोहे पुसले आणि त्याला कडेवर घेतलं. मग नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"कशासाठी सिक?"

"काय?"

"नुसतं सिक लिहून चालत नाही. खाली कारण लिहावं लागतं. सदतीस वर्षं तुम्हीच सांगत होतात. अमुक साहेबाने कारण न लिहिता डबा अडकवला म्हणून तीन दिवस घरी आरडाओरडा केला होतात. कारण लिहा."

लक्ष्मीकांत बायकोकडे बघत राहिले.

"आई, तू तर नको म्हणत होतीस!" अमोघ म्हणाला.

"अजूनही नकोच आहे. मला नको असणं हे कारण त्या दारावर लिहिता येईल का? तुझ्या वडिलांना विचार."

लक्ष्मीकांत म्हणाले, "कारणं आहेत. खोटं लिहिलं नाही मी." आणि त्यांनी सांगितली. कठडा. शेगडी. पहिली दोन सोपी होती. कठड्याला पाइप लावला की झालं, शेगडी बाहेर मागच्या दाराकडे नेली की झालं. तिसऱ्याला ते अडखळले.

"मुलांना पुढे तोंड करून बसता येईल अशी सीट पाहिजे. खांद्यावरून येणारा पट्टा पाहिजे, आणि सीट खालच्या लोखंडाला बोल्टने धरलेली पाहिजे. त्याशिवाय मी ही गाडी कुणाच्याही मुलांसाठी सोडणार नाही."

"मग बसवा," प्रणिता म्हणाली.

"जागा नाही."

"एवढ्या मोठ्या गाडीत?"

"एकच जागा आहे. तो बाक आहे तिथे." ते थांबले. "पाच आणि सहा नंबर."

प्रणिताला कळलं. अमोघला कळायला क्षणभर लागला, आणि मग तो उगाच हेल्मेटचा पट्टा लावू लागला, काढू लागला. गेल्या चौदा महिन्यांत तो कितीदा गॅरेजात जाऊन त्या बाकावर बसून आला होता, हे त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा, तो नको काढायला," प्रणिता हळू म्हणाली. "तो तुमच्यासाठी केलाय त्याने. मी दुसरं काहीतरी बघते."

सुनेत्राबाई दारातून आत डोकावल्या. अजून त्या गाडीत एकदाही चढल्या नव्हत्या. स्टेन्सिलचे आकडे त्यांनी बघितले, खालची बारीक ओळ वाचली.

"ज्येष्ठ नागरिक म्हणे," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझी साठी व्हायला सहा महिने होते. कार्टं." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. निनाद त्यांच्या कडेवरून त्यांच्या कानातलं ओढत होता.

"काढा," त्या म्हणाल्या.

*

अमोघ पान्यांची पेटी आणायला आत गेला. त्याने ती आणली, न बोलता खाली ठेवली, आणि निनादला घेऊन कोपऱ्यापर्यंत गाय बघायला निघून गेला.

लक्ष्मीकांत गाडीत बाकाजवळ गुडघ्यांवर बसले. प्रणिता टॉर्च धरून मागे उभी होती.

"त्या दिवाळीत तो जिन्यात बसला होता," ते बोल्टाकडे बघत म्हणाले. "हात इथे होता. मी बघितलं होतं. गॅस आहे म्हणाला, आणि मी सोडला त्याला."

टॉर्चचा उजेड हलला आणि पुन्हा जागेवर आला.

"मलाही गॅसच म्हणाला होता, बाबा. दोनदा. मी ओवा दिला."

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"सिक म्हणजे भंगार नव्हे," काही वेळाने लक्ष्मीकांत म्हणाले. "सिक म्हणजे तेवढं होईपर्यंत थांब. एवढंच. त्याला मी तेव्हा तेवढं म्हणायला हवं होतं."

"मीही."

"तुला आत्ता म्हणालो ते तेवढंच होतं. पूर्ण खरं सांगू? तेवढंच नव्हतं, मुलं जाऊ नयेत असंही होतं. पण आता तेवढंच आहे."

प्रणिताने मान हलवली. त्यांना ती दिसली नाही, पण उजेड हलला.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, खाली उतरले, दारासमोर आले. 'सिक'च्या खाली त्यांनी तिन्ही कारणं एकाखाली एक लिहिली. त्यानंतर एक रकाना उरतो, डबा कधी फिट होणार त्याचा. तो कधी कधी महिनोन् महिने रिकामा राहतो. खडू हातात धरून ते उभे राहिले. सीट शोधायची, पट्टे आणायचे, वेल्डिंगवाला मिळायचा, त्यात होळी यायची. त्यांनी मनात आणलं असतं तर एप्रिल झाला असता, एप्रिलात गरम वाऱ्याची लू सुरू झाली असती, आणि कोण म्हणालं असतं की एवढ्या उन्हात पोरं नकोत न्यायला, तर स्वतः प्रणिताच म्हणाली असती. आणि त्यांना एका शब्दाचीही लबाडी करावी लागली नसती.

"स्वरदा, परीक्षा कधी संपते?"

"बारह मार्च."

त्यांनी लिहिलं: फिट, १५ मार्च.

सुनेत्राबाई कपाटावरचं ताट घेऊन आल्या. ते त्यांनी प्रणितासमोर धरलं.

"आई, तुम्ही करा ना."

"चालवणाऱ्याने करायची असते. तू चालवत आणलीस. कर."

प्रणिताने बोट कुंकवात बुडवलं, पण ते गाडीला लागेपर्यंत फार वेळ गेला. खडूच्या अक्षरांना धक्का न लावता, तिने वर, काचेच्या कडेला स्वस्तिक काढलं. एक भुजा वाकडी आली.

लक्ष्मीकांत पुन्हा आत चढले. आता सुनेत्राबाईही चढल्या, पहिल्यांदाच, आणि बाकाच्या टोकाला थोडा वेळ बसून उठल्या. टॉर्च त्यांनी घेतला. स्वरदा दारात उभी राहून खडूचे आकडे बोटाने हवेत गिरवत होती.

"आजोबा, पंद्रह को हम लोग जाएँगे?"

"हो."

"और आप दोनों? आपका नंबर तो आप खोल रहे हो."

"आमचं वेटिंग आहे, बाळा."

"कन्फर्म होगा?"

लक्ष्मीकांतांनी पाना बोल्टावर बसवला आणि जोर लावला. बोल्ट हलला नाही. त्यांनी बैठक बदलली, पाय भिंतीला टेकवला आणि पुन्हा जोर लावला. नटावरची पांढरी खूण जिथल्या तिथे होती, केसाएवढीही सरकलेली नव्हती.

"किती घट्ट बसवलाय हो," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले. "चांगला बसवलाय." आणि त्यांनी पुन्हा पाना लावला.